एका गुंडाळीला एक गोळी

अश्वजित नापास झाला. स्त्री-मेडिसिन वॉर्डाच्या सहा आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये, शंभरपैकी अडतीस गुण मिळवून, शनिवारी दुपारी पावणेएक वाजता, तीन माणसं आणि एक बंद पंखा यांच्या साक्षीनं तो रीतसर नापास झाला. तर हे झालेलं नाही. असं काही घडलंच नाही असं समजून आपण त्या आधीच्या सोमवारी सकाळी जाऊ. त्या सकाळी तो पास होण्याच्या इतका जवळ होता की त्यानं पुढच्या पोस्टिंगसाठी, म्हणजे लहान मुलांच्या वॉर्डासाठी, अ‍ॅप्रनच्या खिशाला लावायला पिवळं बदक विकत घेतलं होतं. बदक चांगलं होतं. त्याचं पुढं काही झालं नाही.

भंडाऱ्यातल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात नव्यानं फार्मसी पास झालेल्यांना वर्षभर फिरवत. सहा आठवडे औषधांचं गोदाम, सहा आठवडे बाहेरची खिडकी, मग एकेक वॉर्ड. गोदामात अश्वजितची खोक्यांशी ओळख झाली. खिडकीत हातांशी झाली. खिडकीला एक अर्धगोल भोक होतं आणि त्यातून चिठ्ठी धरलेला हात आत येई. मेंदी लागलेला, चुन्याचा, ग्रीसचा, धानाच्या पाण्यानं फुगून पांढरा पडलेला. हातात गोळ्या ठेवायच्या, सकाळी एक, संध्याकाळी एक म्हणायचं, हात बाहेर जाई. पुढं त्या हाताचं काय होतं, तो खरंच कुठल्या तोंडापर्यंत पोचतो का, हा प्रश्न सहा आठवड्यांत त्याला एकदाही पडला नव्हता. आणि वॉर्डात पहिल्या दिवशी पाऊल टाकलं तेव्हा त्याला आधी दचकायला झालं, कारण इथं प्रत्येक हाताला एकेक पूर्ण बाई जोडलेली होती. ती बाई बोलत होती. तिला झोप येत नव्हती, तिची सून आली नव्हती, तिला कालच्या वरणात मीठ कमी लागलं होतं. फिनेल, खोबरेल आणि शिळ्या संत्र्याच्या सालीचा तो मिसळलेला वास पहिल्या आठवड्यात त्याच्या नाकात बसला, दुसऱ्या आठवड्यात आवडला, आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री घरी, जवळच्या शहापूरला, असताना त्याला चुकल्यासारखं वाटू लागलं. माणसाला कशाची सवय लागेल सांगता येत नाही. काहींना तंबाखूची लागते.

तर सोमवारी तो बेड नंबर अकराशी बसला होता. अकरावर मनकर्णाबाई. आंधळगावची, कोष्ट्याच्या घरातली, अठ्ठावन्न वर्षांची, हातमागावर कोसा रेशीम विणणारी. बारा दिवसांपूर्वी मागावर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडली आणि सुनेनं, रेणूनं, गाडी करून आणली. आणली तेव्हा बीपी इतकं खाली गेलेलं की यंत्र आधी आकडाच दाखवेना. म्हणून चार दिवस बीपीची गोळी बंद ठेवली. मग बीपी चढलं, म्हणून एक गोळी सुरू केली. तरी चढलं, म्हणून तीन दिवसांनी दोन केल्या. तरी ते आपलं लग्नाच्या वऱ्हाडासारखं चढतच होतं. मोठे डॉक्टर, अंकुर सर, रोज यायचे, तक्ता बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजीच्या खालून हळूहळू एक आनंद वर येऊ लागला होता. अशी हट्टी केस पुस्तकात नव्हती. पुस्तकात नसणं म्हणजे नागपूरच्या परिषदेत असणं. ही केस सादरीकरणासाठी अश्वजितला दिली होती. शनिवारी तो ती मांडणार, पास होणार, बदक लावणार.

तो फॉर्मवरचे प्रश्न विचारत होता. घरी कोणती औषधं, किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा. मनकर्णाबाईनं कंटाळून लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि त्याच्या उघड्या वहीवर काहीतरी ओतलं. पांढऱ्या, थोड्या घामेजलेल्या गोळ्या. एक घरंगळत जाऊन त्याच्या बुटापाशी थांबली.

"हे घे बाबू. तुमच्याच हायेत. तेरा. इरघळून जातीन पदरात, वाया कायले घालवायच्या."

"तुम्ही घेतल्याच नाही, मावशी?"

"काहून घेऊ? माग बंद हाय न माहा."

ती हे इतक्या सरळपणानं म्हणाली की त्याला आधी वाटलं, हे आपल्याला शिकवलेलं असणार आणि आपणच त्या दिवशी कॉलेजात नसणार. त्यानं परत विचारलं. तिनं परत सांगितलं, या खेपेला जरा मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं. "गोळी सुरू झाली तवा मी इसरून जाऊ. रेणूनं तोड काहाडली. म्हणे, आई, विणलेलं कापड गुंडाळलं का एक गोळी तोंडात टाकत जा. तवापासून एकबी चुकली नाही. देवाची शपथ."

"दिवसातून किती वेळा गुंडाळता?"

"पयले एक डाव. काठाचं बारीक काम असलं तं दोन दिसाले एक डाव. आता लग्नाचं काम आलं होतं, सादं, काठ नाही काही नाही, तं तीन डाव, चार डाव. पोटभर काम, पोटभर गोळ्या."

"आणि काम नसलं तं?"

"काम नसलं तं कायची गोळी? बसल्या माणसाले गोळी लागते का?"

अश्वजितनं वहीतल्या गोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या खाली छापलेल्या ओळीकडे पाहिलं. 'रुग्णाने माझ्यासमोर औषध घेतले.' त्यापुढं आठ दिवसांच्या आठ खुणा आणि आठ सह्या, वळणदार, शेवटच्या 'त'ला शेपूट असलेल्या. सह्या त्याच्याच होत्या. मंगलाबाई सिस्टर हातात गोळी ठेवायच्या, मनकर्णाबाई हात तोंडाकडे न्यायची, मग डोकं मागं टाकून अख्खा ग्लास पाणी प्यायची, आणि तो सही करायचा. त्यानं खोटं लिहिलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. त्याच्यासमोर काहीतरी घेतलं गेलं होतं. ते पाणी होतं. इतक्या मनापासून पाणी पिणारी बाई त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो दवाखान्याच्या मागच्या पायरीवर डबा उघडून बसला आणि डब्याऐवजी त्याला भोंगा आठवला. शहापूरला त्यांच्या घरी घड्याळ होतं, पण ते शोभेचं. घर चालायचं फॅक्टरीच्या भोंग्यावर. बाबा फॅक्टरीत होते. पहिल्या भोंग्याला बाबा उठायचे, दुसऱ्याला आई भात टाकायची, तिसऱ्याला अश्वजित शाळेत उशिरा पोचलेला असायचा. रविवारी भोंगा नसे आणि रविवारी घराचं सगळं बिघडे. भात कच्चा राहायचा किंवा लागायचा. बाबा हातात घड्याळ बांधून दर थोड्या वेळानं विचारायचे, किती वाजले रे? आंघोळीला जायचे ते टॉवेल खांद्यावर टाकून अंगणातच उभे राहायचे, कुणी तरी सांगेल म्हणून वाट बघत. निवृत्तीनंतर त्यांनाही बीपी निघालं. तेही गोळी भोंग्यावर घेत. वारा उलटा असला की भोंगा ऐकू येत नसे आणि त्या दिवशी गोळी नसे. नवीनच फार्मसीला गेलेल्या अश्वजितनं तेव्हा त्यांना पंधरा मिनिटं समजावलं होतं, आकृती काढून, की बाबा, सकाळी आठ म्हणजे आठ. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आठ वाजले हे ठरवून कोण राह्यलं?" तेव्हा तो हसला होता. मित्रांनाही सांगितलं होतं. आता पायरीवर बसून त्याला पहिल्यांदाच वाटलं की प्रश्नाला उत्तर द्यायचं राहून गेलंय. चिठ्ठीवर आपण तीन खुणा करतो, सूर्य, मधला सूर्य आणि चंद्र, आणि गृहीत धरतो की सूर्य सगळ्यांच्या घरी आपल्याच पगारावर आहे.

सरळ मार्ग एकच होता. डॉक्टरांना जाऊन सांगायचं. तो उठला, डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेला, दाराला हात लावला, आणि आत सर फोनवर कुणाला तरी 'अत्यंत दुर्मिळ' असं म्हणत होते. तो परत आला. आपल्या भित्रेपणाला त्यानं वाटेत 'आधी खात्री करून घेऊ' असं नाव दिलं. नाव बरं होतं, त्यानं जिना उतरता आला.

अकरा नंबरपाशी येऊन त्यानं विचारलं, "मावशी, इथं काही विणलं तं घ्याल गोळी?"

तिनं त्याच्याकडे तो बेडवरून डोक्यावर पडला असावा तसं पाहिलं. "विणलं तं घेईन न. माह्या काय गोळीशी वैर हाय?" आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय अशी म्हणाली, "ते पट्टीचं बंडल आण एक. पातळवालं."

बँडेजची पट्टी तिनं दातानं फाडली, त्यातलं सूत ओढून काढलं आणि बेडच्या लोखंडी कठड्याला उभं ताणलं. घसा बघायची लाकडी पट्टी फणी झाली. रिकाम्या सिरिंजवर सूत गुंडाळून धोटा झाला. आणि तिचे हात, जे बारा दिवस चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखे पडलेले होते, ते उठले. अश्वजितला ते बघताना लाजल्यासारखं वाटलं, एखाद्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं. हात घाई करत नव्हते. सूत इकडून तिकडं जाई, लाकडी पट्टी येऊन त्याला हलकेच शेजाऱ्याला टेकवी, आणि दर वेळी ती ओठ किंचित मिटून घेई, बस्स. दहा नंबर आणि बारा नंबर उठून बसल्या. दहा नंबरची बेबीबाई सलाइनचा खांब ढकलत जवळ आली आणि म्हणाली, "हे मनकर्णे, मलेबी रुमाल दे न एक." चार बोटं कापड झालं तसं तिनं ते लाकडी पट्टीवर गुंडाळलं, तळहात पुढं केला, गोळी घेतली आणि गिळली. जीभ बाहेर काढून दाखवली सुद्धा. पाणी फक्त दोन घोट प्यायली.

"हे काय चालू हाय?" मंगलाबाई सिस्टर मागं उभ्या होत्या. "ड्रेसिंगचं सामान हाय ते!"

"ऑक्युपेशनल थेरपी," अश्वजित म्हणाला.

सिस्टरांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत बऱ्याच थेरप्या येताना आणि जाताना पाहिल्या होत्या. "असंन. वहीत लिवा मंग. मले पट्टीचा हिशोब द्या लागते," म्हणाल्या, आणि जाताना कापडावरून एक बोट फिरवून गेल्या.

मंगळवारपासून एक नवाच प्रश्न उभा राहिला. मनकर्णाबाईला चार बोटं हा अपमान वाटू लागला. "चार बोटं? पाच वर्साची पोरगी करते इतकं!" ती सकाळच्या चहाआधीच चार बोटं उरकून हात पुढं करी आणि दुपारी आणखी चार बोटं करून परत हात पुढं करी, आणि नियम म्हणजे नियम. तेव्हा अश्वजितला सूत लपवावं लागलं. तो सकाळी तिला मोजून सूत देई, चार बोटांपुरतं, आणि उरलेलं बंडल अ‍ॅप्रनमध्ये घेऊन फिरे. चार वर्षं फार्मसी शिकून तो आता औषध देत नव्हता, सूत देत होता. आणि गंमत म्हणजे यात त्याला काही चुकत आहे असं वाटत नव्हतं. उलट दुपारी वॉर्ड पेंगत असताना तिच्या बेडशी स्टुलावर बसून तिचे हात बघत राहणं, मध्येच तिनं "शयापूरचा हायेस का? तुह्या बापाले वरात दिसली तं सांगजो, माह्याकडं दुपट्टे हायेत" असं म्हणणं, हे त्याला इतकं पुरेसं वाटे की त्याच्या मनात येई, लोक सुखी होण्यासाठी उगीच लांब जातात. चिठ्ठीवर दोन गोळ्या होत्या. तिला रोज एक मिळत होती, कारण दुसरी वाढवली होती ती पदरातल्या न घेतलेल्या गोळ्यांमुळं. दुसरी त्याच्या खिशात जात होती, पिवळ्या बदकाच्या शेजारी. हे त्याला कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं, याचा विचार तो रोज उद्यावर ढकलत होता.

शुक्रवारी बीपी उतरलं. एकशे तीस, चौऱ्याऐंशी. पोरीबाळीसारखं. अंकुर सरांनी तक्ता हातात घेतला, दोनदा बघितला, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. डबल डोस लागू पडला. धीर पाहिजे. उद्या सुट्टी. घरी हाच डोस चालू, गुंडाळी... अं, गोळी एका वेळेला दोन." त्यांनी ते 'गुंडाळी' का म्हटलं असेल, की त्यांनी म्हटलंच नव्हतं आणि अश्वजितच्या कानांना हल्ली तसंच ऐकू येत होतं, हे त्याला ठरवता आलं नाही. कारण त्याच वेळी रेणू डबा घेऊन आली होती आणि सासूला सांगत होती, "आई, लवकर चाला आता. बावीस दुपट्ट्यांचं काम येऊन पडलं. पंधरा दिवसांत मांगून राह्यले." मनकर्णाबाईचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "सादे न? मंग चार डाव गुंडाळतो दिवसाचे."

चार वेळा. एका वेळेला दोन. अश्वजितनं बोटांवर मोजलं आणि आठव्या बोटावर तो थांबला. म्हणजे आपण तिला बरं केलं, आणि बरं केल्याचा पुरावा म्हणून दवाखाना तिला मारायला निघाला. त्यानं रेणूला बाजूला घेऊन सांगितलं, वहिनी, एकच गोळी, सकाळी, आणि गुंडाळीवर नाही. रेणूनं त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या चिठ्ठीकडे, जिच्यावर मोठ्या डॉक्टरांची सही होती. "तुमी शिकून राह्यले न भाऊ अजून?" ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. शिकाऊ माणसाच्या तोंडी शब्दावर मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी कोण बदलेल? त्यानंही बदलली नसती.

संध्याकाळी हायवेवरून शहापूरला जाताना त्यानं मोटरसायकलवर भाषणाची तयारी केली. एका भाषणात तो गप्प राहून पास होत होता. दुसऱ्यात सगळा दोष रक्तदाबाच्या यंत्राचा होता. तिसरं फार सुंदर होतं, त्यात तो बोलता बोलता रडत होता आणि सर त्याला मिठी मारत होते. मागून आलेल्या ट्रकनं हॉर्न मारला आणि तिन्ही उडून गेली. घरी बाबांना त्यानं विचारलं, "तुमची आज गोळी?" बाबा म्हणाले, "वारा पाहा न कसा हाय," आणि अश्वजितनं आत जाऊन पाण्याचा ग्लास आणि गोळी आणली, आणि बाबांनी ती गिळेपर्यंत समोर उभा राहिला. पाण्याकडे नाही, गळ्याकडे बघत.

शनिवारी अकरा नंबरच्या भोवती पाच जण होते. अंकुर सर, पोस्टिंगच्या प्रमुख सत्यवती मॅडम, मंगलाबाई सिस्टर, मनकर्णाबाई स्वतः, आणि पिशवी भरून तयार असलेली रेणू. अश्वजितनं वही उघडली. नाव, वय, गाव, तक्रार वाचली. मग 'औषध किती वेळा' या रकान्यापाशी आला आणि त्यात जे लिहिलं होतं ते वाचलं. "एका गुंडाळीला एक."

"काय?" अंकुर सर म्हणाले.

त्यानं सांगितलं. मागासकट, लग्नासकट, बँडेजसकट. खिशातून चिठ्ठीवरच्या दुसऱ्या गोळ्या आणि कागदात बांधलेल्या तेरा गोळ्या काढून चादरीवर ठेवल्या. त्यांच्याबरोबर बदक बाहेर आलं, ते त्यानं परत आत टाकलं. आणि सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जड तेच होतं, आठ सह्यांचं पान उलटून मॅडमसमोर धरलं. "हे मी पाहिलं नव्हतं. सही केली होती."

अंकुर सर बराच वेळ त्या गोळ्यांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून नागपूरची परिषद हळूहळू, एकेक खुर्ची करून रिकामी होत गेली. "म्हणजे," ते म्हणाले, "बीपी हट्टी नव्हतं."

"बीपी नाही सर," मंगलाबाई सिस्टर म्हणाल्या, "बाई हट्टी हाय."

सर हसले. आधी नाइलाजानं, मग खरे. चिठ्ठी घेतली, दोनवर काट मारली, एक लिहिलं. मग खाली वाकून, प्रथमच तक्त्याऐवजी तिच्याकडे बघत विचारलं, "मावशी, दिवसाला एकच. किती बी गुंडाळा. कधी घ्याल, तुम्हीच सांगा."

"सकाळी मागावर बसली का पयला धोटा टाकाच्या आंधी."

"छान. आणि ज्या दिवशी मागच नाही चालला त्या दिवशी?"

मनकर्णाबाईनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाण्याची टाकी होती आणि टाकीवर कुणाची तरी साडी वाळत होती, ती तिनं जरा तुच्छतेनं पाहिली. यंत्रमागाची होती. "त्या दिवशी," ती म्हणाली, "मले काई होतच नाही."

"मी देईन साहेब त्या दिवशी," रेणू घाईनं म्हणाली.

"तू देशील. मी घेईन का?" सासू म्हणाली. आणि दोघी हसायला लागल्या, कारण हा त्यांचा घरातला जुना विषय असावा.

त्या दोघी निघून गेल्यावर सत्यवती मॅडमनी फॉर्मवर आकडा लिहिला आणि पेन बंद केलं. "बोललास म्हणून बाई वाचली, हे मला कळतं. आणि आठ सह्या केल्यास म्हणून ही वेळ आली, हे तुला कळायला पाहिजे. दोन्हीचे मार्क वेगळे असतात. सहा आठवडे परत."

"इथंच, मॅडम?"

"इथंच."

त्यानं चेहरा पाडायचा मनापासून प्रयत्न केला. जमला नाही. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस सकाळी, फिनेल, खोबरेल, संत्री, आणि प्रत्येक हाताला जोडलेली एकेक पूर्ण बाई. मॅडमनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि शेवटचं पान पुढं केलं. 'प्रशिक्षणार्थीच्या सूचना.' हे पान सगळे कोरं सोडतात किंवा तिथं पंखा दुरुस्त करावा असं लिहितात. अश्वजित स्टुलावर बसला. बेड अकरावर आता नवी चादर आली होती, आणि त्याला दिसत होता आंधळगावचा एक माग. आषाढातला, लग्न नसलेल्या दिवसांतला, थांबलेला. त्यापुढं एक बाई, जिला काही होत नव्हतं. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब, भंडारा. मार्फत: प्रमुख, स्त्री-मेडिसिन वॉर्ड. विषय: रक्तदाब नियंत्रित राहणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, मौजे आंधळगाव, तालुका मोहाडी येथील रुग्ण मनकर्णाबाई यांना दररोज एक गोळी नियमित मिळण्यासाठी त्यांच्या मागावर दररोज काम असणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. तरी जिल्ह्यातील सर्व लग्ने एकाच हंगामात न उरकता वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत समप्रमाणात विभागून लावण्याचे, तसेच प्रत्येक लग्नात किमान एक दुपट्टा हातमागाचा घेण्याचे आदेश संबंधित वधू-वर, त्यांचे पालक, भटजी, भन्तेजी व मुहूर्त यांना आपल्या स्तरावरून तात्काळ निर्गमित व्हावेत, ही विनंती.